नारबोदच्या अंगातली खाकी

धान भिजवलेल्या हौदाचा वास ज्यानं घेतला नाही, त्याला तो सांगून समजत नाही. उसना तांदूळ करायचा तर धान आधी सिमेंटच्या मोठमोठ्या हौदांत भिजत घालतात, मग वाफेवर उकडतात, पटांगणात वाळवतात आणि मग मिलमध्ये टाकतात. हौदातलं पाणी आंबलं की मेलेल्या उंदरावर ताक सांडल्यासारखा वास सुटतो. त्या वासात माझी जवानी गेली. मी बॉयलरवर होतो. भट्टीत धानाचा भुसा लोटायचं माझं काम, पण बॉयलर हौदांना लागूनच, म्हणून वास माझ्या केसांत, नखांत, टॉवेलात. लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा माणूस आपली पत्रावळ घेऊन जरासा सरकायचा. सेवंता, माझी बायको, मी घरी आलो की दारातच लोटाभर पाणी घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आधी धुवा, मंग आत या. भात शिजून राहिला, त्याले तुमचा वास लागन."

नात म्हणते, आबा, तुम्ही लहानाचे मोठे कसे झालात ते लिहा. लहानपणाचं लिहून झालं. म्हशी, चौथीपर्यंतची शाळा, बापाचा मार. पण खरं बोलायचं तर त्यात मी फक्त उंच झालो. मोठा झालो तो चाळिशीला टेकल्यावर, मिल बंद पडली त्या पावसाळ्यात. शिकलेल्या लोकांना वाटतं, माणूस विशीत मोठा होतो. वाटू द्या.

आमचं गाव तिरोड्याच्या रस्त्यापासून आत. मिल सायकलच्या पल्ल्यावर, आणि तिचा भोंगा गावापर्यंत यायचा. गावातल्या अर्ध्या चुली त्या भोंग्यावर पेटत. पहिला भोंगा झाला की बाया सडा टाकत, दुपारचा झाला की आधण ठेवत. घड्याळ ज्यांच्या घरी होतं तेही भोंगा ऐकून घड्याळ नीट करत. मिल बंद झाली तेव्हा पहिली तक्रार शेजारच्या कौसाबाईनं केली. "मिस्त्री, तुमच्या मिलीनं माह्या भाताचं वाटोळं केलं. आधण कवा ठेवाव समजतच नाई." गावात मला सगळे मिस्त्रीच म्हणत. बॉयलर गेला तरी नाव राहिलं, जसं मेलेल्या बैलाचं दावं गोठ्यात राहतं.

बंद झाली म्हणजे कशी? काही नाही. एका सकाळी गेलो तर फाटकाला साखळी. आत मुनीम खुर्ची टाकून बसलेला. आम्ही सगळे साखळीपाशी उभे, पाऊस भुरभुरून राहिला. मुनीम हिंदीत बोलायचा, गोंदियात पैसेवाला माणूस मराठी कमीच बोलतो. म्हणाला, "अभी बंद है. चालू हुई तो सबको बुलाएंगे. खाकी धो के रखो." एवढंच. त्या 'खाकी धो के रखो'नं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं साखळीनं केलं नाही. साखळी निदान खरं बोलत होती.

खाकी म्हणजे शर्ट. बॉयलरवरच्या माणसांना सेठ खाकी शर्ट द्यायचा, खिशावर लाल धाग्यानं मिलचं नाव. गावात मला तो घालून फिरायला आवडायचं. मी तो घरी आणला, सोडा टाकून धुतला, लोट्यात निखारे भरून त्याला इस्त्री केली आणि पुढच्या खोलीतल्या खुंटीवर टांगला. खुंटीखाली माझी खाट. रोज सकाळी जुन्या वेळेला जाग यायची. उठून शर्टावरची धूळ झटकायची आणि परत खाटेवर बसायचं. शर्टावर धूळ बसू दिली नाही, मात्र माझ्या अंगावर बसली. दाढी वाढली. बाहेर जायचं तर कुठं जायचं, आणि गेलो अन् मागं मिलचा निरोप आला तर? म्हणून मी घर सोडत नव्हतो. आता लोक विचारतात, आबा, काम सुटल्यावर उमेद कशी टिकवली? अरे बाबा, उमेद टिकली होती, हीच तर बिमारी होती.

तो पावसाळा आठवतो म्हणजे आवाज आठवतात. कवेलूतून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेल्या गंजात पडणारे थेंब. बांधीतले, म्हणजे भातखाचरातले बेडूक. आणि धानाच्या रोवणीला गेलेल्या बायांची गाणी, जी वाऱ्यावर कधी यायची, कधी तुटायची. त्या गाण्यात सेवंताचा आवाज असायचा आणि मी तो खाटेवर बसून ओळखायचो. आमचं स्वतःचं शेत एका बांधीएवढं, ते तिनंच रोवलं, मग दुसऱ्यांच्या बांध्यांत टोळीबरोबर गेली. दिवसभर चिखलात राहून तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. संध्याकाळी चुलीपाशी बसून ती त्यांत हळद-तेल भरायची आणि मंजूला, आमच्या पोरीला, पाढे म्हणायला लावायची. जेवायला तरोट्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण आणि भात. तरोटा उकिरड्याच्या कडेला फुकट उगवतो. पहिल्या पावसात दोनदा खाल्ला तर गोड लागतो. रोज खाल्ला की उकिरडाच खाल्ल्यासारखा वाटतो. मी ताटात बोटं फिरवत बसलो की सेवंता म्हणायची, "खाचं तर खा, नाई तर ताट उचला. तोंड नका पाहू त्याचं." धीराचा एक शब्द नाही. तेव्हा मला वाटायचं, काय कठीण काळजाची बाई करून दिली मला बापानं.

धीर द्यायला बाकी लोक होते. त्यांची रांगच लागली होती. माणूस मेला तर लोक तेरा दिवस येतात आणि मग थांबतात; काम गेलेल्या माणसाकडं येणाऱ्यांना तेरवीच नसते. आमचा शेजारी धर्माबुवा, गावातला जुना माणूस, रीतिभाती सांगणारा, रोज सकाळी यायचा. पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत खाटेच्या कडेवर बसायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, जे होते ते चांगल्यासाठीच होते." आतून सेवंता विचारायची, "चांगल्यासाठी म्हंजे कोणाच्या जी, बुवा?" बुवा म्हणायचा, "सबर ठेवा लागते, बाई." मग चहा पिऊन जायचा. चहात दूध नसायचं, तरी कप चाटून ठेवायचा. कोणी म्हणायचं देव एक दार बंद करतो ते दुसरं उघडायला. कोणी म्हणायचं चिचगडकडं जंगलात काम निघून राहिलं, कोणी म्हणायचं मन खंबीर ठेव. या बोलण्यात एक गंमत मी पाहिली. बोलणारा उठून जाताना हलका झालेला असायचा. आणि मी जड. म्हणजे धीर देणं हे देणं नव्हतंच, ते माझ्या ओसरीत येऊन आपलं काहीतरी टाकून जाणं होतं. खर्ऱ्याच्या पिंका जशा टाकून जात तसंच.

यांच्यात सगळ्यांत वरचा नंबर माझ्या साळ्याचा, हिरालालचा. सेवंताचा धाकटा भाऊ. गोंदियात राहून त्याची बोली शहराची झाली होती आणि गळ्यात टाय आली होती. तो कुठल्याशा मंडळात शिरला होता, जिथं साबण-पावडर विकायची आणि आणखी माणसं जोडायची. पण तो साबणाचं नाव आधी काढत नसे. आधी म्हणायचा, "जीजाजी, आपकी सोच निगेटिव हो गई. सोच बदला, जिंदगी बदलन." एके रविवारी स्कूटरवर बसवून मला घेऊनच गेला. मी खाकी घालायला निघालो तर म्हणाला, ही नको. मग पांढरा सदरा घातला. त्याची वरची बटणं तुटलेली, तिथं सेफ्टी पिन लावली.

लग्नाचा हॉल होता. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं सुकून पडलेली, आणि मध्ये एक माणूस माईक घेऊन इकडून तिकडं फिरत होता. वय असेल पंचविशीचं. त्यानं आयुष्यात कधी भुशाचं घमेलं उचललं नसेल. तो म्हणाला, "सब खड़े हो जाओ." आम्ही उभे राहिलो. "ज़ोर से बोलो, आज मैं बहुत खुश हूँ." हॉल ओरडला. तो म्हणाला, आवाज़ नहीं आई. हॉल आणखी ओरडला. मग टाळ्या. मग म्हणाला, बाजूवाल्याला गळे भेटा. माझ्या बाजूला आमच्याच मिलचा हमाल उभा, श्रावण. त्याचाही साळा त्याला घेऊन आला असावा. आम्ही एकमेकांना मिठी मारली. त्याच्या अंगाला अजून हौदाचा वास होता. माझ्याही असणार. श्रावण माझ्या कानात म्हणाला, "मिस्त्री, समोसा कवा देतील?" मी म्हणालो, "खुश झाल्यावर." आम्ही दोघं परत ओरडलो, आज मैं बहुत खुश हूँ. माझं तोंड ओरडत होतं आणि मी आतून ते ऐकत होतो, जसं दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं. एवढी किळस मला हौदाची कधी आली नव्हती. समोसा आला. गार होता, आत बटाटा आंबलेला.

घरी आलो तेव्हा सेवंता तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिनं विचारलं, "काय शिकवलं?"

"रोज सकाळी आरशात पाहून हसाचं. म्हणाचं, मी जिंकणार."

"आपल्या घरचा आरसा तळहाताएवढा. त्यात तुमचे दातच दिसतीन." मग म्हणाली, "हिरालालले सांगा, माह्या घरी पुन्हा आला तर टायच्या जागी दावं बांधीन. भाऊ आहे म्हणून सांगून राहिले."

तरी मी दुसऱ्या सकाळी आरशासमोर उभा राहिलोच. ती अंगण झाडत होती. मी हसलो. आरशात मागची खुंटी दिसली आणि खुंटीवरची खाकी. मला वाटलं, खाकी माझ्याकडं पाहून हसून राहिली.

असा पोळा आला. पोळ्याला आमच्याकडं बैल सजतात, घरोघरी वडे-पुऱ्या तळतात, ते सगळीकडंच असतं. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ आमच्या भागाची. त्या सकाळी नारबोद काढतात. नारबोद म्हणजे तणसाची म्हातारी. बांबूच्या कमच्यांवर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बांधायचं, डोक्याला काळं मडकं, मडक्याला चुन्याचे डोळे, हातात झिजलेला खराटा, गळ्यात फाटक्या चपलांची माळ. प्रत्येक घरून एक जुनं फडकं मागून आणतात आणि तिच्या अंगावर चढवतात. मग सगळं गाव मिळून तिला सीमेबाहेर नेऊन टाकतं, आणि नेताना ज्याला जे नको ते ओरडून तिच्या पदरात घालतं. खोकला-खरूज घेऊन जाय गे नारबोद. ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे नारबोद. नेणारा माणूस परतताना मागं वळून पाहत नाही आणि नाल्यात अंग धुतल्याशिवाय गावात पाय टाकत नाही. एकदा तिच्या अंगावर चढलेलं गावात उतरवत नाहीत. उतरवलं तर सगळ्या गावाची पीडा त्याच्या घरी येते.

त्या सकाळी मला जाग आली, मी सवयीनं हात वर केला आणि हाताला खुंटी लागली. नुसती खुंटी.

"सेवंता, खाकी कोठं आहे?"

ती फुंकणीनं चूल फुंकत होती. "नारबोदले दिली."

"काय?"

"पोट्टे जुना कपडा मागाले आले होते. दिली."

"जुनी होती ते?"

"मंग मिल नवी आहे का?"

मी तसाच निघालो. बनियन, लुंगी, पायात काही नाही. कितीतरी दिवसांनी मी अंगणाच्या बाहेर पडलो, ते असा. मारुतीच्या पाराजवळ सगळं गाव जमलेलं, आणि मध्ये ती म्हातारी उभी. अंगात माझी खाकी. खिशावर लाल धाग्यानं मिलचं नाव. वर काळं मडकं, चुन्याचे डोळे, आणि खाली मिलचा शर्ट. मला पाहून एक पोट्टा म्हणाला, "मिस्त्रीकाका, नारबोदले बॉयलरवर लावली." सगळे हसले. मी हात घातला तशी कौसाबाई मध्ये आली. "अजी मिस्त्री, वेड लागलं का? आमच्या पोरांचा खोकला घरी नेता?"

"माझा शर्ट आहे तो."

"होता," धर्माबुवा म्हणाला. तो पारावर बसून खर्रा घोटत होता. "तिच्या अंगावर चढलं ते गावात उतरत नाई. सीमेपल्याड ते कोणाचंच नाई. तुले पाहिजेच असन तर तूच उचल, सीमेवर ने, तिथं काढ. मंग तू जाण अन् ती जाणे."

मी म्हणालो, उचलतो. चिडलो होतो, दुसरं काही नाही. नारबोद उचलायला कोणी आपणहून पुढं होत नाही, कोणाला तरी ढकलूनच लावावं लागतं. त्यामुळं पोरं खूश झाली. मी तिला खांद्यावर घेतलं. रात्री पाऊस पडला होता, तणस ओलं, भारी. त्यातलं काळं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरायला लागलं. चपलांची माळ गालावर आपटू लागली. कोणाच्या लेकराच्या मुताची गोधडी, कोणाच्या म्हाताऱ्याच्या आजारातलं फडकं, सगळं माझ्या नाकाला घासून जात होतं.

घरांपुढून मिरवणूक निघाली. बाया दारात येऊन तिच्यावर चुलीची राख फेकत आणि आपापली पीडा सांगत. आमच्या दारी आलो. सेवंता पदर खोचून उभी होती, मुठीत राख. मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार. बसून खाणाऱ्याला घेऊन जाय म्हणणार, आणि गाव हसणार, आणि तिचं चुकणारही नाही. मी मान खाली घातली. तिनं राख फेकली, ती नारबोदवर कमी आणि माझ्यावर जास्त आली, आणि ती रोवणीच्या गाण्याच्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"घरी येऊन, चा पिऊन, धीर देऊन जाणाऱ्याले घेऊन जाय गे नारबोद."

घडीभर कोणाला समजलं नाही. मग कौसाबाईला हसू फुटलं, ती खालीच बसली हसत. मग पोरांनी तेच उचललं आणि साऱ्या गल्लीतून एका सुरात निघालं, धीर देणाऱ्याले घेऊन जाय गे नारबोद. धर्माबुवानं खर्रा थुंकला. "आता म्या काय केलं व?"

"काई नाई, बुवा. तुमी चांगल्यासाठीच केलं," सेवंता म्हणाली आणि आत गेली.

सीमा म्हणजे नाला, आणि नाल्याच्या काठावर एक जुना पळस. तिथं पोरांनी ओरडून घेतलं, पोळ्याला घरोघरी दारात खोवलेल्या पळसाच्या फांद्या फेकल्या आणि मागं न पाहता पळाली. राहिलो मी आणि ती. मी तिला पळसाला टेकवून उभी केली आणि शर्ट काढायला बटणांवर हात नेला. बटणं नव्हती.

एकही नव्हतं. बटणांच्या जागी गोधडीच्या दुहेरी दोऱ्याचे टाके, काजासकट शिवून टाकलेले, प्रत्येकावर घट्ट गाठ. गाठ सेवंताची. ती मला अंधारातही हातानं ओळखू आली असती. म्हणजे हिनं शर्ट घाईत दिला नव्हता. आदल्या दिवशी, वडे तळून झाल्यावर, मी ओसरीत बैल पाहत बसलो असताना, हिनं तो खुंटीवरून काढला होता, ब्लेड घेऊन बसली होती, एकेक बटण सोडवून ठेवून घेतलं होतं आणि उरलेला शर्ट शिवून बंद केला होता, जसं मेलेल्याचे डोळे मिटावेत. परत टांगला होता, सकाळी द्यायला. मिल उघडेल असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तिनं मला तसं सांगितलं नाही. बाकीचे सगळे सांगत बसले की उघडेल, नाहीतर दुसरं काही उघडेल. ही मात्र बटणं काढून मोकळी झाली.

टाके तोडता आले असते. मी नख घातलंही. शर्ट जवळ आला तसा पावसात भिजलेल्या कापडातून तो वास वर आला. मेलेला उंदीर, त्यावर ताक. सोड्यानं धुतलेला, लोट्यानं इस्त्री केलेला, रोज झटकलेला, तरी आत तोच होता. मला एकदम उमगलं की इतके दिवस मी या वासात परत जायची वाट पाहत बसलो होतो. दाढी वाढवून, लेकराच्या ताटातला भात खाऊन, आरशात हसून. मला ओकारी आली. खरंच ओकलो, पळसाच्या बुडाशी. मग उठून नारबोदच्या कमरेत लाथ घातली. ती खाकीसकट नाल्यात गेली.

मी अंग धुतलं. वाळू घेऊन घासलं, डोक्यापासून पायापर्यंत. मागं वळून पाहायचं नाही हा नियम आहे, पण नियमाची गरज पडली नाही.

सेवंता दारात उभी होती, पाण्याचा लोटा घेऊन, नेहमीसारखी. माझ्याजवळ येऊन तिनं खांद्यापाशी हुंगलं आणि लोटा खाली ठेवला. "वास गेला," म्हणाली. आत जाऊन माझा पांढरा सदरा घेऊन आली. वरची सेफ्टी पिन गेली होती. पांढऱ्या सदऱ्याला खाकी रंगाची बटणं लावलेली, वरपासून खालपर्यंत. मी बटणांवरून हात फिरवला. ती म्हणाली, "असे काय पाहता? बटणं चांगले होते, फेकाचे कायले?" मग कालचा एक वडा हातावर ठेवला. "निंदणाले माणूस कमी आहे. चाला."

निंदण म्हणजे धानातलं गवत उपटणं. ते बायांचं काम. पुरुष बांधावर उभा राहतो. मी त्या दिवशी बायांच्या रांगेत बसलो, एकटा मिशीवाला, आणि ज्या धानाची भट्टी मी अर्धं आयुष्य पेटवली ते धान उभं असताना मला ओळखता येईना. गवत ठेवून धान उपटत होतो. कौसाबाई म्हणाली, "मिस्त्री, तुमी बसा जी. तुमी निंदलं तर मिलीसारखंच होईन, सारं बंद." रांग हसली. मीही हसलो. कोणी हसायला सांगितलं नव्हतं, आरसा नव्हता. सेवंतानं पुढं सरकून माझ्या हातातलं रोप घेतलं, परत चिखलात खोचलं, आणि दोन पानं माझ्या बोटात देऊन फरक दाखवला. हे खरबरीत ते धान, हे गुळगुळीत ते गवत. एवढंच. पुढं मी विटा वाहिल्या, गोदामं राखली, पोती शिवली. तिरोड्याला विजेचा मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा परत लोक आले, म्हणाले तिथं सगळ्यांना काम लागेल, आस ठेव. मी म्हणालो, आस तुम्ही ठेवा, मला पोती शिवायची आहेत. मिल उघडली नाही. सेठच्या पोरांनी दुसऱ्या रस्त्याला नवी टाकली, तिथं भट्टीत भुसा मशीन लोटते.

आता सेवंता नाही. ती गेली तेव्हा ओसरीत परत तीच रांग. धर्माबुवा आधीच गेला होता, पण त्याचं वाक्य गेलं नाही, ते त्याच्या पोरानं म्हटलं. हिरालाल आला, टाय सुटली आहे, टक्कल पडलं आहे, माझा हात धरून म्हणाला, "जीजाजी, पॉजिटिव रहना है." त्याचीच बहीण गेली होती. मोबाईलवर रोज सकाळी उगवता सूर्य येतो, खाली लिहिलेलं असतं, हसत राहा. कोण पाठवतं मला माहीत नाही. आणि दारात राख घेऊन उभं राहणारं कोणी उरलं नाही.

तिचं हिरवं लुगडं त्याच खुंटीवर आहे. शेवटी दवाखान्यात नेताना बदललं, तेव्हा मीच टांगलं. मंजू येते, म्हणते, बापू, काढून ठेवू का? मी नको म्हणतो. सकाळी उठलो की त्यावरची धूळ झटकतो. मला समजतं मी काय करून राहिलो आहे. न समजायला मी काही तेव्हाचा मिस्त्री नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं आली. आबा, नारबोदले जुना कपडा द्या. मी खुंटीपाशी गेलो. लुगडं हातात घेतलं. सेवंताला कोणाला विचारायची सवय नव्हती, ती असती तर देऊन टाकलं असतं आणि चूल फुंकत बसली असती. पण देण्याआधी ती कामाचं ते काढून ठेवायची, मगच द्यायची. मी लुगडं उलटंसुलटं केलं, काठ पाहिला, पदर पाहिला. पोरं दारात उभी होती. मी पुन्हा पाहिलं.

लुगड्याला बटणं नसतात.